मेंदू कसा ठरवतो हे कळलं तर निर्णय सुधारतात का?

सांजरंग

गेले काही महिने जिकडेतिकडे "मेंदूविज्ञान वापरा आणि अचूक निर्णय घ्या" अशा व्हिडिओ, कोर्स, अ‍ॅप्सचा पूर आलाय. काहींमध्ये तथ्य आहे, काहींमध्ये नुसतेच मेंदूचे रंगीत फोटो. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. स्ट्रोक झालेले, डोक्याला मार लागलेले, मेंदूचं ऑपरेशन झालेले लोक माझ्याकडे येतात आणि त्यांच्यातल्या काहींना चालता येतं, बोलता येतं, हिशोब येतो, पण आधी अंघोळ करू की आधी फोन करू हे काही केल्या ठरत नाही. घरच्यांना वाटतं आळस आहे, किंवा मुद्दाम करतायत. त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे आणि त्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

सुरुवात मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दामासिओ यांच्या एका पेशंटपासून करते, त्याचा उल्लेख 'एलियट' असा केला जातो. कपाळामागे ट्यूमर होता, ऑपरेशन करून काढला, सोबत पुढच्या भागातला खराब झालेला थोडा मेंदूही काढावा लागला. त्यानंतर बुद्ध्यांक उत्तम, स्मरणशक्ती शाबूत, भाषा शाबूत. पण नोकरी गेली, साठवलेले पैसे गेले, लग्न मोडलं. टेस्टमध्ये एखादा प्रसंग दिला की काय काय पर्याय आहेत, कशाचा काय परिणाम होईल हे तो भराभरा सांगायचा, आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणायचा की एवढं होऊनही काय करायचं ते मला कळणार नाही. दामासिओंना खटकलं ते असं की स्वतःच्या आयुष्याची वाताहत सांगताना या माणसाला काहीच वाटत नव्हतं, ऐकणाऱ्यालाच जास्त त्रास होत होता. त्यांच्याच दुसऱ्या एका पेशंटला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदेतोटे मांडत बसला, आणि शेवटी डॉक्टरांनीच एक तारीख सांगितली तेव्हा लगेच "बरं, चालेल" म्हणून निघून गेला.

म्हणजे "भावना बाजूला ठेव आणि डोक्याने विचार कर" हे आपण एकमेकांना इतक्या सहज सांगतो ना, ते शब्दशः झालं तर माणूस अडकून पडतो. पर्यायांचं वजन करायला आत कुठेतरी 'हे नको', 'हे बरं' असं जाणवावं लागतं. ते जाणवणं मेंदूच्या पुढच्या भागाच्या खालच्या बाजूला विचारांशी जोडलं जातं असं दामासिओंचं म्हणणं. मग आंत्वान बेशारा, दामासिओ वगैरे मंडळींनी १९९४ मध्ये पत्त्यांच्या चार गड्ड्यांचा प्रयोग केला. दोन गड्ड्यांत बक्षीस मोठं पण मधूनच जबर दंड, दोन गड्ड्यांत बक्षीस छोटं, दंडही छोटा. शेवटी छोट्या बक्षिसाच्या गड्ड्याच फायद्यात राहतात. निरोगी लोक हळूहळू तिकडे सरकले, पुढच्या भागाला इजा झालेले मोठ्या बक्षिसाच्या गड्ड्या उचलत राहिले, नुकसान होतंय हे दिसत असूनही.

आता मला खरा महत्त्वाचा वाटणारा भाग. मायकेल गझानिगा यांनी १९७० च्या दशकात अशा रुग्णांचा अभ्यास केला ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांमधला दुवा फिट्सच्या उपचारासाठी कापला होता. एकाच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्या अर्धगोलाला बर्फ पडलेलं दृश्य, आणि समोरच्या चित्रांतून जुळणारं चित्र निवडायला सांगितलं. एका हाताने कोंबडी निवडली, दुसऱ्याने (बर्फ उपसायचं) फावडं. फावडं का? तर बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलाने बर्फ पाहिलाच नव्हता, पण तो "मला माहीत नाही" असं म्हणाला नाही, क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं ना. गझानिगांनी या यंत्रणेला दुभाष्या म्हटलं. आपल्या सगळ्यांच्यात हा दुभाष्या आहे, दुवा शाबूत असला तरी. स्वीडनमध्ये पेटर योहानसन आणि लार्स हॉल यांनी २००५ मध्ये लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून जास्त आवडलेला निवडायला सांगितला, मग हातचलाखीने न निवडलेला फोटो हातात दिला आणि विचारलं, हा का निवडला? बहुतेक वेळा लोकांना बदल कळलाच नाही आणि त्यांनी न निवडलेल्या चेहऱ्याची कारणं खुशाल सांगितली.

म्हणून माझं मत असं झालंय की आपण निर्णय कसा घेतो हे आत डोकावून कळत नाही, जे कळतं ते नंतर रचलेलं स्पष्टीकरण असतं, आणि म्हणून ऐनवेळी स्वतःच्या मेंदूवर लक्ष ठेवून "आता मी पूर्वग्रह टाळतोय" असं करायला जाण्यात फार अर्थ नाही. हाताशी काय उरतं तर आधीची तयारी. कुठल्या अवस्थेत ठरवायचं, प्रश्न कुठल्या शब्दांत मांडायचा, आधी काय लिहून ठेवायचं, कुणाला विचारायचं. हे सगळं बाहेरचं आहे आणि ते आपल्या हातात आहे. तुमचं काय मत? विरोधी मतं जास्त आवडतील.

मोरपीस७

फार सुंदर लेख ताई. फावड्याचा किस्सा वाचून थांबले आणि परत वाचला. एक विचारायचं होतं, हल्ली डोपामिन डिटॉक्स म्हणून जे चाललंय की एक दिवस मोबाईल नाही गाणी नाही कुणाशी बोलणं नाही म्हणजे डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन कमी होतं आणि मग निर्णय चांगले होतात, त्यात काही आहे का? माझी पुतणी करते आणि तिला बरं वाटतं म्हणते.

तर्कट

लेख चांगला आहे पण मी थोडा विरोध करणार आहे कारण या विषयात भुलवणारं फार आहे.

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एका मेलेल्या सामन माशाला एफएमआरआय म्हणजे मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या स्कॅनच्या मशीनमध्ये ठेवून माणसांचे फोटो दाखवले. हजारो ठिकाणांची एकदम तुलना करताना जी सांख्यिकी दुरुस्ती करावी लागते ती केली नाही, तर त्या मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसली. दुरुस्ती केली की गायब. एफएमआरआय मुळात विचार मोजतच नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक मोजतो, तोही काही सेकंद उशिराने. आणि २००८ मध्ये डीना वाइसबर्ग यांनी दाखवलं की एखाद्या चुकीच्या स्पष्टीकरणात "मेंदूच्या स्कॅनवरून असं दिसतं" छापाचं संबंध नसलेलं एक वाक्य घातलं तर सामान्य वाचकांना आणि विद्यार्थ्यांनाही ते जास्त पटतं, तज्ज्ञांना मात्र पटत नाही.

तेव्हा माझा प्रश्न सरळ आहे. सांजरंग, तुम्ही शेवटी जे सांगितलंत (आधी लिहा, शब्द बदलून बघा, कुणाला तरी विचारा) त्यासाठी मेंदू लागतोच कुठे? हे सगळं मानसशास्त्रात प्रयोग करूनच कळलंय. योहानसनच्या प्रयोगात स्कॅन नव्हता. चार गड्ड्यांच्या प्रयोगाबद्दलही १९९७ च्या पेपरात म्हटलं होतं की लोकांना मनात कळायच्या आधी हाताला घाम फुटून शरीराला कळतं, आणि ते वाक्य सगळीकडे पोचलं. पण २००४ मध्ये माइआ आणि मॅक्लेलंड यांनी खेळणाऱ्यांना जास्त नेमके प्रश्न विचारले तर त्यांना कुठली गड्डी चांगली हे बऱ्यापैकी लवकर कळलेलं होतं, फक्त आधी कुणी नीट विचारलं नव्हतं.

सांजरंग

@मोरपीस७, पुतणीला बरं वाटतं ते खोटं नाही, मोबाईल बाजूला ठेवल्यावर बरं वाटतंच. पण त्याने डोपामिन 'साफ' होत नाही. डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन ही समजूतच अपुरी आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेलं काम आहे, आधी दिवा लागायचा, मग रसाचा थेंब मिळायचा. सुरुवातीला थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चालायच्या. सवय झाल्यावर त्या दिवा लागताच चालायला लागल्या आणि थेंब मिळाल्यावर काहीच नाही, कारण तो येणार हे ठरलेलंच होतं. आणि दिवा लागून थेंब आलाच नाही तर बरोबर त्या वेळी पेशी गप्प व्हायच्या. म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक त्या सांगतात, आणि आपण शिकतो ते त्या फरकातून. निर्णयाच्या बाबतीत याचा उपयोग असा की काय होईल असं वाटलं होतं ते जर आधी नोंदवलंच नसेल तर फरक कशाशी काढणार? नंतर सगळं "मला वाटलंच होतं" होऊन जातं.

@तर्कट, अर्ध्याहून जास्त मान्य. माइआ-मॅक्लेलंडचा मुद्दा मी लिहायला हवा असं वाटत होतं, तुम्ही लिहिलात ते उत्तम झालं. पण "मेंदू लागतोच कुठे" याला माझं उत्तर, इजा, आजार, औषधं आणि झोप. इथे नुसत्या मानसशास्त्राने भागत नाही. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला "जरा मनावर घ्या" म्हणणं क्रूर आहे हे मला मेंदूविज्ञानानेच शिकवलं.

वाटसरू

औषधांचा विषय निघाला म्हणून लिहितोय, नाहीतर सहसा नुसता वाचून जातो.

माझ्या काकांना पार्किन्सन्स आहे. अत्यंत हिशोबी माणूस, आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही. गोळ्या बदलल्यावर काही महिन्यांनी काकूच्या लक्षात आलं की ते रात्री फोनवर सट्टा खेळतायत, आणि विचारलं की चिडायचे, लपवायला लागले, खात्यातून पैसे जात होते. घरात भांडणं, मुलांनी बोलणं टाकलं, सगळ्यांचं एकच म्हणणं की म्हातारपणी बुद्धी फिरली. शेवटी चुलतबहिणीने एका वेगळ्या डॉक्टरांना फोनवर सहज सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न होता, कुठली गोळी चालू आहे? डोपामिन अ‍ॅगोनिस्ट नावाच्या, मेंदूत डोपामिनसारखं काम करणाऱ्या गटातली होती. या गोळ्यांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, जुगार, बेसुमार खरेदी, खाणं, लैंगिक वागणं यावरचा ताबा जातो काही जणांचा, सगळ्यांचा नाही. डॉक्टरांनी हळूहळू डोस कमी करून दुसरं औषध दिलं आणि पुढे ते खेळणं सुटलं. सुटल्यावर काका एकदा म्हणाले की हरत होतो ते दिसत होतं रे, पण ते लागतच नव्हतं.

हे वाक्य मी विसरू शकत नाही. कुणाच्या घरी असं असेल तर कृपया ती गोळी स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका, त्याचाही त्रास होतो, डॉक्टरांना सांगा आणि लाज न बाळगता सांगा. आणि आजारी माणसाला दोष देण्याआधी औषधांची यादी बघा.

सांजरंग

@वाटसरू, लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. "ते लागतच नव्हतं" हे काकांनी अगदी नेमकं सांगितलंय. २००४ मध्ये मायकेल फ्रँक यांनी पार्किन्सन्सच्या पेशंटना एक खेळ दिला होता ज्यात काही निवडी बऱ्याचदा फळतात आणि काही बऱ्याचदा फसतात. औषध चालू असताना लोक फळलेल्या निवडींवरून जास्त चांगलं शिकले, औषध थांबलेलं असताना फसलेल्या निवडींवरून. वाईट निकाल आला की डोपामिन खाली यायला हवं, औषधाने ते खाली येऊ दिलं नाही की नुकसान डोळ्यांना दिसतं पण धडा आत उतरत नाही असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. यात चारित्र्याचा प्रश्न नाही, घरातल्या मुलांनाही हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं.

रात्रपाळी

आयसीयूत नर्स आहे. धागा वाचतेय आणि एका गोष्टीवर असहमत आहे. "आत डोकावून काही कळत नाही" हे जरा जास्तच झालं. आमच्याकडे अनुभवी सिस्टर पेशंटकडे बघून सांगते की याचं काहीतरी बिघडतंय, मॉनिटरवर सगळं ठीक असतं, आणि तासाभरात खरंच बिघडतं. ही नुसती रचलेली गोष्ट नाही. ती काय बघते हे तिलाही शब्दांत सांगता येत नाही पण ती बरोबर असते बऱ्याचदा.

पण त्याच सिस्टरवर आम्ही इन्सुलिनच्या, हेपरिनच्या (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) डोसच्या बाबतीत भरवसा ठेवत नाही, कुणावरच ठेवत नाही, दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे तपासायचंच. पहाटेच्या वेळी तर नक्कीच. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मला वाटतं घरातल्या मोठ्या निर्णयांना ही पद्धत का लावत नाही आपण?

तर्कट

@रात्रपाळी, यावर डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोघांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहिलाय. एक अंतःप्रेरणेवर शंका घेणारा, दुसरा अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांच्या अंतःप्रेरणेचं कौतुक करणारा. दोघं भांडायला बसले आणि बऱ्याच बाबतीत एकमत होऊन उठले. त्यांच्या मते आतला आवाज दोन अटींवर विश्वासार्ह. त्या क्षेत्रात खरोखर नियमितपणा हवा, म्हणजे खुणा आणि परिणाम यांचं नातं टिकाऊ हवं, आणि तुम्हाला भरपूर सराव करताना लगेच आणि स्पष्ट निकाल कळलेला हवा. तुमच्या सिस्टरकडे दोन्ही आहे. शेअरबाजाराचा अंदाज सांगणाऱ्याकडे पहिलीच अट नाही. आणि त्यांचा सगळ्यात उपयोगी मुद्दा हा की आवाज किती ठाम आहे यावरून तो बरोबर आहे की नाही हे ठरत नाही.

आणि लग्न, करिअर, घर बदलणं हे निर्णय आयुष्यात माणूस किती वेळा घेतो? सराव कुठून असणार?

गणिती

शब्द बदलून बघा म्हणालात त्याबद्दल थोडं. १९८२ मध्ये बार्बरा मॅकनील, ट्वर्स्की वगैरेंनी फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन की रेडिएशन असा प्रश्न विचारला. एका गटाला ऑपरेशनमधून किती जण वाचतात ते सांगितलं, दुसऱ्याला तेच आकडे किती जण दगावतात असे. ९० टक्के वाचतात आणि १० टक्के दगावतात, एकच गोष्ट, पण वाचण्याच्या भाषेत ऑपरेशन निवडणारे जास्त. रुग्ण, विद्यार्थी आणि चक्क डॉक्टर, तिघांतही हे झालं. आकडे कळणाऱ्या माणसाचंही हे होतं हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

मेंदूच्या बाजूने बेनेदेत्तो दे मार्टिनो यांचा २००६ चा प्रयोग आहे, ५० पौंड तुमचे, आता २० 'ठेवा' किंवा जुगार खेळा, आणि तेच ३० 'गमवा' किंवा जुगार खेळा. गमवा म्हटलं की लोक जास्त जुगार खेळले, आणि शब्दांच्या ओढीप्रमाणे निवड केली की अमिग्डालाची (मेंदूतला भावनांशी जोडलेला भाग) हालचाल जास्त. ज्यांच्यावर शब्दांचा परिणाम कमी झाला त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात हालचाल जास्त होती. (तर्कट, हो, एफएमआरआय आहे आणि फक्त २० लोक आहेत, माहीत आहे.)

मी स्वतः काय करतो तर डॉक्टर, एजंट, बँक कुणीही टक्केवारी सांगितली की उलटी टक्केवारी तिथेच मोठ्याने म्हणतो, आणि १०० माणसं डोळ्यासमोर आणतो. ते ऐकून समोरचाही बऱ्याचदा थांबतो.

अबोली

सगळ्यांचंच छान चाललंय. मी वाचलं होतं की न्यायाधीश सुद्धा भूक लागली की पॅरोल नाकारतात, आणि इच्छाशक्ती दिवसभरात बॅटरीसारखी संपत जाते त्यामुळे महत्त्वाचे निर्णय सकाळीच घ्यावेत. हे बरोबर ना?

तर्कट

@अबोली, दोन्ही गोष्टी डळमळीत आहेत. न्यायाधीशांचा अभ्यास २०११ चा, इस्राएलमधल्या पॅरोल बोर्डांचा, सत्राच्या सुरुवातीला साधारण ६५ टक्के अर्ज मंजूर आणि ब्रेक जवळ आला की जवळपास शून्य असा आलेख होता. पण त्याच वर्षी आक्षेप आला की प्रकरणांचा क्रम योगायोगाने ठरत नव्हता, वकील नसलेले कैदी सत्राच्या शेवटी यायचे आणि त्यांचे अर्ज तसेही कमी मंजूर होतात. भुकेला एवढं श्रेय देता येत नाही.

इच्छाशक्ती संपते या कल्पनेची २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, २,००० पेक्षा जास्त लोकांवर पुन्हा तपासणी केली, परिणाम शून्याच्या आसपास निघाला. थकवा खरा असतो, पण ती 'बॅटरी' सिद्ध झालेली नाही.

सांजरंग

सकाळचं सोडा, पण झोपेचं मात्र सोडू नका अशी हात जोडून विनंती. हान्स व्हॅन डाँगेन यांच्या २००३ च्या प्रयोगात काही लोकांना १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. लक्ष आणि प्रतिसादाच्या चाचण्यांत त्यांची घसरण दिवसेंदिवस वाढत गेली आणि अख्ख्या रात्री जागवलेल्या लोकांइतकी झाली. पण त्यांना स्वतःला विचारलं तर फारसं पेंगुळल्यासारखं वाटत नाही, सवय झाली असं सांगायचे. अंदाज घेणारं यंत्रच बिघडलेलं असतं. २०११ मध्ये विनोद वेंकटरामन यांच्या गटाने दाखवलं की एक रात्र जागल्यावर लोकांचा कल नुकसान टाळण्याकडून फायदा मिळवण्याकडे सरकतो, म्हणजे जागलेला माणूस अकारण आशावादी होतो. रुग्णाजवळ जागून काढलेल्या रात्रीनंतर नातेवाईकांना मोठ्या संमतीपत्रांवर सह्या कराव्या लागतात तेव्हा माझा जीव तुटतो. तातडी नसेल तर "उद्या सांगतो" म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, तो वापरा. घरातल्या झोप झालेल्या माणसाला सोबत बसवा.

तणावाचंही तसंच. एमी आर्न्स्टन यांचं येलमधलं काम आहे, अनियंत्रित तणावात मेंदूतली नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन ही रसायनं इतकी वाढतात की मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींचं आपापसातलं जाळं सैल पडतं आणि सवयीच्या, झटकन होणाऱ्या प्रतिक्रिया पुढे येतात. भांडणाच्या मध्यात राजीनामा लिहू नका ते यासाठी.

नवखा

इथे लिहू का कळत नाही पण लिहितो. माझी नोकरी बरी आहे, बरी म्हणजे वाईट काही नाही. एका दोन वर्षांच्या पूर्णवेळ कोर्सला प्रवेश मिळालाय ज्यासाठी नोकरी सोडावी लागेल. बरेच दिवस यादी करतोय, फायदे तोटे, दोन्ही बाजू सारख्याच येतात, रोज रात्री ठरतं आणि सकाळी मोडतं. एलियटबद्दल वाचून अंगावर काटा आला कारण माझंही तसंच चाललंय. कळवायची मुदत जवळ आलीये.

सांजरंग

अहो नवखा, आधी हे की तुमचं एलियटसारखं नाही, तुम्हाला इतकं जाणवतंय म्हणूनच त्रास होतोय. दोन्ही बाजू सारख्या येतायत याचा एक अर्थ असाही असतो की दोन्ही पर्याय खरंच जवळजवळ सारखे चांगले आहेत, आणि मग आणखी विचार केल्याने फरक सापडणार नाही.

रात्री ठरलेलं ग्राह्य धरू नका. झोप झालेल्या दिवशी दुपारी बसा आणि तुमच्या जागी तुमचा जवळचा मित्र आहे असं समजून त्याला पत्र लिहा. इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगात लोक दुसऱ्याच्या अडचणीबद्दल जास्त शहाणपणाने विचार करत होते, आणि स्वतःच्याच अडचणीकडे तिऱ्हाइताच्या नजरेने बघायला लावलं की तो फरक जवळजवळ गेला.

रात्रपाळी

नवखा दादा, क्लाइन यांची आणखी एक पद्धत आहे ती करून बघा, आम्ही वॉर्डमध्ये नवीन काही सुरू करताना करतो. दोन वर्षं झाली आहेत आणि कोर्सचा निर्णय पूर्ण फसलाय असं धरून चाला, 'फसला तर' नाही, फसलाच आहे. आता का फसला ते लिहा. मग नोकरीत राहण्याचंही तसंच लिहा. दुसरं लोक लिहीतच नाहीत, जसं काही आहे तिथे राहणं हा निर्णयच नाही.

गणिती

याला जोडून. स्टीव्हन लेविट यांनी एक वेबसाइट काढली होती, जिथे अडकलेले लोक नाणेफेक करायचे, नोकरी सोडू का, नातं तोडू का असे प्रश्न. २०,००० च्या वर नाणेफेकी झाल्या. नाण्याने 'बदल कर' म्हटलेल्यांनी बदल जास्त केला, आणि मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी सरासरी जास्त समाधानी होते. अर्थात हे स्वतःहून तिथे आलेले, कुंपणावर बसलेले लोक, सगळ्यांना लागू नाही. पण जे इतके अडकलेत ते बहुधा बदलाबद्दल गरजेपेक्षा जास्त सावध असतात.

नवखा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही लिहून काढलं. कोर्स फसण्याची कारणं पैशाचीच जास्त निघाली आणि त्यातली बरीच आधी सोय करता येतील अशी आहेत, भावाशी बोललो, तो पहिलं वर्ष हातभार लावतो म्हणाला. नोकरीत राहणं फसण्याची कारणं लिहिताना मात्र एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येत राहिलं आणि त्यावर काही सोय सुचली नाही. कोर्सला होकार कळवतोय. पण भीती आहे की तिथे गेल्यावर एखादी परीक्षा वाईट गेली की लगेच सगळं चुकलं असं वाटेल आणि मी सोडून देईन. माझा तसा स्वभाव आहे.

सांजरंग

खूप शुभेच्छा! त्या भीतीसाठी पीटर गोल्वित्झर यांची 'जर-तर' पद्धत वापरा, तिच्यावर भरपूर काम झालंय, २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही परिणाम चांगला दिसला होता. "मी टिकून राहीन" असं लिहू नका. "जर परीक्षेचा निकाल वाईट आला, तर त्या आठवड्यात मी सोडण्याबद्दल काहीही ठरवणार नाही आणि त्याच दिवशी शिक्षकांची वेळ मागेन" असं लिहा, म्हणजे ती वेळ आली की नव्याने ठरवावं लागत नाही. सोडायचं कधी हेही लिहा, कारण चिकटून राहणं दरवेळी बरोबर नसतं. पहिलं वर्ष संपल्यावर कुठल्या तीन गोष्टी दिसल्या तर तुम्ही थांबाल, त्या आता, शांत असताना ठरवा.

आणि आज कोर्सकडून नेमकं काय अपेक्षित आहे आणि ते होण्याची शक्यता किती टक्के वाटते तेही तारीख घालून लिहा, कागदाचा फोटो भावाला आजच पाठवा. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांआधी लोकांकडून अंदाज लिहून घेतले होते, काय घडेल, किती शक्यता. दौरे झाल्यावर त्यांना स्वतःचेच अंदाज आठवायला सांगितले तर जे घडलं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती असं बऱ्याच जणांना आठवत होतं. वर्षभराने तुमचंही तसं होईल, तेव्हा भावाकडचा फोटो मागून घ्या.